विश्लेषण : टेबलावरच्या रणगाड्याला मराठवाड्याचा चिखल कसा लावायचा?

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून वीतभरही नसलेला रणगाडा उभा करायचा, तो रंगवायचा आणि तो नवाकोरा दिसू नये म्हणून मग मुद्दाम मळवायचा, हा छंद जगभर आहे. त्याची पुस्तके आणि चित्रफिती मात्र बहुतेक युरोपातल्या चिखलाबद्दल बोलतात. आपल्याकडे १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास शाळांतून प्रदर्शने मांडली जातात. त्यात औशाच्या एखाद्या विद्यार्थ्याने १९४८ चा रणगाडा ठेवायचे ठरवले तर तो कोणता असावा, कोणत्या रंगाचा, आणि त्याच्या पट्ट्यांना कुठली माती लागलेली असावी? या छंदाचे तंत्र आणि या भागाचा इतिहास, दोन्ही इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

१/३५ हेच प्रमाण का?

रणगाड्याच्या मॉडेलचे सर्वाधिक रूढ प्रमाण १/३५ आहे. म्हणजे खऱ्या रणगाड्याचे ३५ सेंटिमीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर होतात. हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. जपानमधील शिझुओका येथील टामिया कंपनीने १९६१-६२ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे किट काढले. आत मोटर आणि दोन बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, या हिशेबाने रणगाड्याचा आकार ठरला. नंतर मोजून पाहिले तर तो साधारण १/३५ निघाला. ते किट खपले, पुढची किट त्याच मापात निघाली आणि इतर कंपन्यांनाही तेच माप स्वीकारावे लागले. आज मोटर गेली, बॅटऱ्या गेल्या, आकडा तेवढा राहिला.

हे प्रमाण डोक्यात पक्के बसले की पुढच्या निम्म्या चुका टळतात. मॉडेलवर एक मिलिमीटरचा खडा चिकटला तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरचा दगड ठरतो. रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या मापात तो साडेतीन मिलिमीटरचा लेप होतो आणि त्याखाली रिव्हेट, वेल्डिंगच्या रेषा बुडतात. अर्ध्या मीटरवरून मॉडेल पाहणे म्हणजे खरा रणगाडा साडेसतरा मीटरवरून पाहणे. रंगाच्या वेळी हा आकडा पुन्हा कामाला येतो.

कोणता रणगाडा निवडायचा?

दुकानात सर्वाधिक किट जर्मन टायगर आणि पँथरची दिसतात. त्यांचा मराठवाड्याशी काडीचाही संबंध नाही. इथला संबंध १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सुरू होतो. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालील फौजा त्या दिवशी सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच शाबूत हाती आला आणि चिलखती तुकडी जळकोटमार्गे त्याच दिवशी दुपारी उमरग्यापर्यंत पोहोचली. दुसरी तुकडी पहाटे तुळजापुरात आली. तिच्यात ‘३ कॅव्हलरी’चे एक स्क्वाड्रन होते. तिथे दोनेक तास प्रतिकार झाला. पुढे लोहाऱ्याकडे जाताना मात्र या तुकडीला थांबावे लागले आणि थांबवणारी होती पावसाने फुगलेली नदी. १५ सप्टेंबरला लातूर आणि मग मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथवर फौजा आल्या. १७ तारखेला संध्याकाळी युद्धबंदी झाली. एकूण १०९ तास. तुळजापूर आणि लातूर या दोन नावांच्या मधोमध औसा आहे, हे इथल्या वाचकाला नकाशा काढून दाखवायला नको.

त्या काळच्या भारतीय चिलखती दलाकडे मुख्यतः दोन रणगाडे होते, दोन्ही अमेरिकी बनावटीचे आणि दोन्ही दुसऱ्या महायुद्धातून उरलेले. एक शर्मन, सुमारे ३० टनांचा. दुसरा स्टुअर्ट, प्रकारानुसार १३ ते १५ टनांचा हलका रणगाडा, ३७ मिलिमीटरची तोफ आणि चार जणांचे पथक. फाळणीत अविभाजित भारताच्या १८ चिलखती रेजिमेंटांपैकी १२ भारताकडे आणि ६ पाकिस्तानकडे गेल्या, त्यांच्यासोबत ही वाहनेही वाटली गेली. याच स्टुअर्टने १ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे हैदराबादनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, झोजिला खिंडीत साडेअकरा हजार फुटांवर चढून शत्रूला चकित केले. ती तुकडी वेगळी, ‘७ कॅव्हलरी’ची, पण वाहन त्याच कुळातले.

पहिल्या मॉडेलसाठी स्टुअर्ट बरा. १/३५ मध्ये तो जेमतेम १३ सेंटिमीटर भरतो, भाग आटोपशीर असतात आणि टामियासह काही कंपन्यांची किट मिळतात. आयात किटला काही हजार रुपये मोजावे लागतात, ही गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. एका किटवर तीन-चार मित्रांनी मिळून काम केले तर परवडते आणि भांडणेही कळतात.

जोडणीत काय सांभाळायचे?

किटमधले भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. ते हाताने पिरगाळून तोडू नयेत. बारीक कटरने थोडे लांबून कापावेत आणि उरलेला दांडा ४०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासावा. चिकटवायला मॉडेलचे पातळ सिमेंट वापरतात. ते खरे तर गोंद नव्हे. ते प्लॅस्टिक किंचित वितळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून भाग आधी जुळवून धरायचे आणि मग फटीला ब्रशचे टोक टेकवायचे. द्रव आपोआप आत ओढला जातो. फेव्हिक्विक धातूच्या बारीक पट्ट्यांपुरते ठेवावे. प्लॅस्टिकवर, विशेषतः पारदर्शक भागावर, त्याची पांढरी वाफ बसते आणि जात नाही.

पट्टे, म्हणजे ज्यावर रणगाडा चालतो ती साखळी, शेवटी बसवायचे. आधी बसवले की चाकांच्या मागे ब्रश पोहोचत नाही.

रंग नेमका कोणता?

इथे बहुतेकांना वाटते की संग्रहालयात जाऊन पाहिले की उत्तर मिळेल. आपल्या सुदैवाने संग्रहालय लांब नाही. अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. ते १९९४ साली सुरू झाले. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, फ्रेंच एएमएक्स-१३, भारतात बनलेला विजयंता, जपानी ची-हा आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पॅटन, असा ऐवज तिथे उघड्यावर एका रांगेत पाहायला मिळतो. किट जोडणाऱ्याने एकदा तरी तिथे जाऊन यावे. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग किती खडबडीत असतो, वेल्डिंगचा ओघळ किती जाड असतो, झाकणाची बिजागरी कुठे असते, हे छायाचित्रापेक्षा जवळून कळते.

रंगासाठी मात्र संग्रहालयावर विसंबू नये. उघड्यावर ठेवलेला रणगाडा टिकावा म्हणून वेळोवेळी रंगवला जातो. त्याचा आजचा हिरवा रंग हा देखभालीचा रंग आहे, युद्धातला नव्हे. १९४८ ची छायाचित्रे काळी-पांढरी, त्यांतून हिरव्याची छटा ठरत नाही. महायुद्धाच्या अखेरीस दोस्त राष्ट्रांच्या वाहनांवर ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे तपकिरीकडे झुकणारा मळखाऊ हिरवा, सर्रास असे. तो आधार धरून चालणे सुरक्षित. डबीतला रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल काळपट दिसते, कारण मघाचा साडेसतरा मीटरचा हिशेब. दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून मूळ रंगात थोडा पिवळसर-करडा मिसळून तो उजळायचा. किती, याचे सूत्र नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात ठेवून पाहायचे. ट्यूबलाइटखाली ठरवलेला रंग सकाळी फसवतो.

एअरब्रश असेल तर उत्तम, नसेल तर चपट्या मऊ ब्रशने पातळ केलेल्या रंगाचे तीन हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. खाली प्रायमर हवाच. मॅट व्हार्निश पावसाळी दमट हवेत फवारले तर त्यावर पांढरट धुके येते. आपल्याकडे हे काम उन्हाच्या दिवशी दुपारी उरकणे शहाणपणाचे.

मळवायचे म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत याला वेदरिंग म्हणतात, आणि मॉडेल करणाऱ्याची परीक्षा इथेच होते. पद्धती अनेक आहेत. पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग रिव्हेट आणि सांध्यांच्या भोवती सोडला की तो खाचांत उतरतो आणि आकार उठून दिसतो. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून कडांवर टेकवला की रंग उडालेले टवके दिसतात. तैलरंगाचे ठिपके देऊन ओलसर ब्रशने खाली ओढले की पावसाने धुतलेले ओघळ तयार होतात. गंजाच्या रंगावर केसांचा स्प्रे मारून त्यावर हिरवा द्यायचा आणि ओल्या ब्रशने तो खरवडायचा, ही युक्तीही लोकप्रिय आहे.

युक्त्या हाती आल्या की सगळ्या एकाच मॉडेलवर वापरण्याचा मोह होतो. मग स्टुअर्टचे भंगार होते. आपल्या मॉडेलवर आधी विचारायचा प्रश्न एकच: हा रणगाडा किती दिवस बाहेर होता? उत्तर आहे १०९ तास. पाच दिवसांत गंज किती चढणार? वाहन महायुद्धातले असल्यामुळे जुनी झीज असेल: चढण्या-उतरण्याच्या जागी रंग घासलेला, झाकणाच्या कडेला हातांचा मेणचटपणा, इंधन भरण्याच्या तोंडाशी डिझेल-पेट्रोलचे डाग, धुरांड्यावर तांबूस भाजका रंग. ही वाहने दुरुस्तीत असणाऱ्या, शिस्तीच्या रेजिमेंटांची होती. पत्रा कुजून भोके पडलेला रणगाडा त्या मोहिमेत दाखवणे म्हणजे इतिहास चुकवणे. तीच गोष्ट गोळ्यांच्या खुणांची. प्रतिकार झाला, पण रणगाड्यांशी रणगाड्यांची झुंज तिथे झाली नाही, त्यामुळे तोफगोळ्यांनी चिरलेले चिलखत इथे शोभत नाही.

पट्ट्यांबाबत एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. जर्मन किंवा रशियन रणगाड्याचे पट्टे पोलादी, म्हणून त्यांच्यावर पेन्सिलीचे ग्राफाइट घासून चमक आणतात. स्टुअर्टच्या रूढ पट्ट्यांचे ठोकळे मात्र रबरी. रबर चमकत नाही, ते करडे पडते आणि कडेला फाटते. चमक द्यायची ती ठोकळ्यांना दोन्ही टोकांना जोडणाऱ्या धातूच्या कड्यांना आणि दातेरी चाकाला. चाकांवरही रबरच असते.

काळी माती की मुरूम?

युरोपी पुस्तकांतला चिखल पिवळट-तपकिरी असतो आणि बाजारात मिळणाऱ्या तयार मातीरंगांच्या बाटल्यांवर युरोप, रशिया, आफ्रिका अशी नावे असतात. मराठवाडा नावाची बाटली अजून कुणी काढलेली नाही. ती काढायची गरजही नाही, कारण मूळ माल दारात आहे. फक्त कोणती माती कुठे लागते, हे कळले पाहिजे.

आपल्या भाषेने शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी अशी नावे देऊन ठेवली आहेत. त्यात तिसरी भर मुरुमाची: झिजलेल्या काळ्या पाषाणाचा तांबूस-पिवळट भुगा, जो कच्च्या रस्त्यांवर टाकला जातो. आता रणगाड्याचा मार्ग डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात शहाणा चालक काळीत उतरणार नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला लेपासारखी चिकटते आणि फिरता फिरता चाक जाम करते. बैलगाडीवाल्याला हे जन्मापासून ठाऊक असते. रणगाड्याचे वजन पट्ट्यांमुळे पसरते हे खरे, तरी काळीत शिरलेल्या पट्ट्याच्या प्रत्येक फटीत तीच माती भरते. तेव्हा प्रवास मुख्यतः रस्त्याने, म्हणजे अंगावर मुरुमाचा तांबूस राप, आणि जिथे बाजूला वळावे लागले, नाला ओलांडावा लागला, तिथे खालच्या भागात काळा चिखल. आधी तांबूस पातळ थर, तो वाळल्यावर त्याच्यावर काळा, असा क्रम ठेवला तर पाहणाऱ्याला न सांगता मार्ग कळतो. उलटा केला तर रणगाडा शेतातून निघून रस्त्यावर आला असा अर्थ होतो. तोही खरा असू शकतो, पण मग ते ठरवून करावे.

ओला आणि वाळलेला चिखल एकाच वेळी दिसला पाहिजे. काळी माती ओली असताना जवळजवळ कोळशासारखी दिसते, वाळली की राखाडी होते. खाली, चाकांच्या मधल्या भागात ओली: गडद रंग आणि त्यावर किंचित चमकदार व्हार्निश. वर, चिखलरक्षकाच्या कडेला, वाळलेली: फिकी आणि पूर्ण मॅट. नदी फुगल्यामुळे तुळजापूरची तुकडी अडली होती, ही नोंद लक्षात घेतली तर ओलाव्याचे प्रमाण वाढवायला हरकत नाही.

खरी माती वापरायची असेल तर ती उन्हात वाळवून, खलात कुटून, दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावी. तरीही कण मोठेच राहतात, म्हणून ती फक्त चिखलाच्या जाड गोळ्यांसाठी. धुळीसाठी खडूची पूड किंवा तयार मातीरंगच बरा. गाळलेली माती तव्यावर मंद आचेवर परतली की ओल जाते आणि पुढे बुरशी येत नाही. आच मोठी झाली तर काळी माती विटेसारखी तांबूस होते, मग ती कुठल्याच गावची राहत नाही. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये कालवून ती लावायची. जाड थर एकदम दिला तर वाळताना भेगा पडतात. पोळ्याला मातीचे बैल केलेल्या हाताला हे सांगायला नको. कुंभार त्यावर उपाय म्हणून मातीत राख किंवा लीद मिसळतो. इथे चिमूटभर प्लास्टर किंवा भिंतीची पुट्टी पुरते. रंग फिका होतो, पण तो व्हायलाच हवा आहे.

रेजिमेंटची चिन्हे, क्रमांक आणि शेजारची चिठ्ठी

किटसोबत येणारी चिन्हांची स्टिकर बहुधा अमेरिकी किंवा ब्रिटिश फौजेची असतात. पांढरा तारा तसाच चिकटवला की मॉडेल नॉर्मंडीत जाऊन पोहोचते. भारतीय वाहनाचे पक्के छायाचित्र समोर असेल तर त्यावरून क्रमांक हाताने रंगवावा. नसेल तर ती जागा चिखलाने आणि गुंडाळलेल्या ताडपत्रीने झाकावी. मनाने क्रमांक टाकू नये. प्रदर्शनातल्या मुलांना तो खरा वाटतो आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तो निबंधात लिहितो.

शेजारच्या चिठ्ठीचा विचार मॉडेलइतकाच करावा लागेल. रणगाडा मुळातच नजर खेचतो आणि बाकी सगळे झाकतो. मुक्तिसंग्रामात तो शेवटच्या पाच दिवसांत आला. त्याआधी १९३८ चा सत्याग्रह झाला, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून आणि मग मोमिनाबादेतून स्वामी रामानंद तीर्थांनी माणसे घडवली, गोविंदभाई श्रॉफांसारखे कार्यकर्ते उभे राहिले, सरहद्दीवर कॅम्प चालले, रझाकारांच्या अत्याचारांत गावे होरपळली. आणि पोलीस कारवाईच्या पाठोपाठ जो सूडाचा हिंसाचार झाला, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावे घेतली. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतूनच वेगळा झाला, म्हणजे ही नोंद आपल्याच घरची. प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर हे सगळे चार ओळींत मावते. नुसते ‘स्टुअर्ट रणगाडा, १/३५’ एवढेच लिहून भागवणे हा संकोच आहे, आणि तो या भागात तरी टाळावा.

याच इतिहासातला एक धागा मात्र कुतूहलाचा. १९६५ च्या सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व करताना १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडलेले, परमवीर चक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांची लष्करी कारकीर्द निजामाच्या हैदराबाद लान्सर्समधून पुढे आली होती. त्या युद्धात लष्करप्रमुख होते जे. एन. चौधरी. ज्याला स्टुअर्ट झाल्यावर दुसरे मॉडेल हवे असेल, त्याने तारापोरांचा सेंच्युरियन करावा. पट्टे पोलादी, धूळ पंजाबची. ग्राफाइटची पेन्सिल तिथे मनसोक्त चालवता येईल.

तयार झाल्यावर ठेवायचे कुठे?

पत्र्याच्या छपराखाली नको. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की छपरालगतच्या फळीवर तोफेची नळी वाकते आणि सांधे सुटतात. खिडकीचे थेट ऊनही टाळावे, स्टिकर पिवळी पडतात. काचेची पेटी हवीच. एवढी मेहनत घेऊन १/३५ ची धूळ लावल्यावर वर घरातली खरी धूळ बसू लागली, तर तिचा एकेक धागा त्या प्रमाणात दोरखंडाएवढा दिसतो. फडक्याने पुसायला गेलात तर दोन्ही धुळी एकदमच जातील. रंगाचा मऊ, कोरडा ब्रश आणि कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुंकणीचा फुगा, एवढे पेटीशेजारी ठेवावे.